भावाच्या बातमीचे व्याकरण

कवितेतल्या एका विशेषणावर वीस पानांचा लेख लिहिण्याची परंपरा आपल्याकडे आहे आणि ती मला प्रिय आहे. पण जळगाव-धुळ्याकडच्या घरांत रोज सर्वांत बारकाईने वाचला जातो तो भावाचा रकाना. कापूस, केळी, कांदा, मका, सोने. लग्नाची तारीख, बोअरवेलचा खर्च, मुलाची फी हे सगळे त्या रकान्याशी बांधलेले असते. कुणी कुणाला भेटले की 'कापूसले काय भाव शे?' हा प्रश्न प्रकृतीच्या विचारपुशीच्याही आधी येतो. एवढ्या निकडीने वाचल्या जाणाऱ्या मजकुराची भाषा कशी आहे, ती काय सांगते आणि काय झाकते, याकडे टीकेचे लक्ष फारसे गेलेले नाही. मराठी दैनिकांची व्यापारपाने आणि कृषिपाने समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. कुठल्या एका पत्राचे नाव घेत नाही, कारण हे व्याकरण सर्वांचे सामाईक आहे.

या व्याकरणातले सर्वांत ताकदवान अव्यय म्हणजे 'पर्यंत'. कापूस अमुक हजारांपर्यंत, केळी तमुक रुपयांपर्यंत. बाजार समितीच्या नोंदीत भावाचे तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात आवकेशेजारी हे तिन्ही छापलेले असतात. बातमीत मात्र बहुधा एकटा कमाल दर येतो, 'पर्यंत'चा हात धरून. वाक्य खोटे नसते. तेवढा भाव कुणाला तरी मिळालेला असतोच. समजा, एका दिवशी १०० क्विंटल कापूस आला. ५ क्विंटल ७,४०० रुपयांनी गेला, ८० क्विंटल ६,८०० ने आणि पावसात भिजलेला १५ क्विंटल ६,२०० ने. कमाल ७,४००, सर्वसाधारण ६,८००, आणि हिशेबाने सरासरी काढली तर ६,७४०. 'सर्वसाधारण' म्हणजे सरासरी नव्हे. ज्या दराने सर्वाधिक माल गेला तो दर. मथळ्यात ७,४०० गेले की वाचणाऱ्या शंभरातल्या पंचाण्णव क्विंटलांच्या मालकांना आपण फसलो असे वाटते. ते व्यापाऱ्यावर चिडतात, समितीवर चिडतात. काही जण आणखी थांबतात, माल घरात ठेवतात. एका अव्ययाने केलेली ही उलाढाल आहे.

त्यातही खान्देशातला बराच कापूस समितीच्या आवारात येतच नाही. व्यापारी गावात येऊन, घरासमोर काटा लावून तो घेतो. याला आपल्याकडे खेडा खरेदी म्हणतात. गाडीभाडे, हमाली आणि त्याचा नफा वजा जाऊन तिथला भाव ठरतो. छापील भावाशी तो ताडून पाहायचा तर या वजाबाकीची फोड हवी. ती बातमीत नसते.

केळीचे शास्त्र आणखी गुंतागुंतीचे. रावेर, चोपडा, जळगावचे केळीभाव वाचताना परजिल्ह्यातला माणूस पहिल्या ओळीतच अडखळेल: नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी, आणि पुढे 'फरक'. जाहीर भाव एक आणि त्यावर मिळणारा फरक वेगळा. हा सांकेतिक मजकूर ज्याला वाचता येतो, तो बागाईतदार लगेच दुसरा आकडा शोधतो, बऱ्हाणपूरचा. सातपुड्याच्या कुशीतले ते शहर मध्य प्रदेशात असले तरी केळीपट्ट्याच्या दृष्टीने शेजारचेच, आणि तिथे केळीचा लिलाव होतो. जाहीर होणारा भाव आणि लिलावातून निघणारा भाव या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. एक सांगितला जातो, दुसरा बोलीतून ठरतो. आपल्या बातम्या दोघांना शेजारी ठेवतात तेव्हा मधली रेघ पुसून टाकतात. वाचक ती स्वतःच्या अनुभवाने पुन्हा ओढतो. तो बातमीपेक्षा शहाणा आहे हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी जोडी 'दिलासा' आणि 'फटका'. टोमॅटो उतरला की दिलासा, कांदा चढला की फटका. कुणाला, हे वाक्यात नसते, कारण गृहीत असते: शहरातल्या, पगारावर जगणाऱ्या, शेतमाल फक्त विकत घेणाऱ्या कुटुंबाला. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत हे चालून जाते. तीच बातमी धुळे आवृत्तीत जशीच्या तशी छापली की विचित्र दृश्य तयार होते. साक्री तालुक्यातला कांदेवाला आपल्याच नुकसानीची बातमी 'दिलासा' या शब्दाखाली वाचतो. बरे, तो निव्वळ विक्रेताही नाही. तेल, साखर, तूरडाळ तो दुकानातूनच आणतो. एकाच घरात सकाळी दिलासा आणि दुपारी फटका. ही दुहेरी अवस्था मांडणारे क्रियापद आपल्या व्यापारपानाकडे नाही. 'उसळी', 'घसरण', 'कोसळले', 'भडकले' ही सारी क्रियापदे भावाला स्वतःची इच्छा असल्यासारखी वापरली जातात. कोणी घेतला, कोणी विकला, कोणत्या निर्णयाने, हा कर्ता वाक्यातून गायब.

जुन्या मराठीत धान्याच्या चालू भावाला 'धारण' म्हणत, आणि ती बहुधा उलट्या बाजूने सांगत: रुपयाला किती शेर. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खान्देश खंडातही धान्याच्या किमती रुपयाला किती पौंड अशाच दिल्या आहेत. आकडा लहान होत गेला की दुष्काळ जवळ आला. या पद्धतीत एक सोय होती. रुपया स्थिर आणि पोटात जाणारा घास बदलता, हे ऐकणाऱ्याला लगेच कळे. आज घास स्थिर आणि रुपये बदलते. त्यापुढे आपण आणखी एक पायरी चढलो आणि रुपयेही सोडून टक्क्यांवर आलो. घोटाळा खरा तिथे सुरू होतो.

जुलै २०२५ ची किरकोळ महागाई १.५५ टक्के, जून २०१७ नंतरची सर्वांत कमी, असे ऑगस्टच्या १२ तारखेला जाहीर झाले. 'महागाई घटली' हा मथळा त्यावर सर्वत्र दिसला आणि घरोघरी तुच्छतेने वाचला गेला. किराणा तर स्वस्त झाला नाही! दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. 'महागाई' या शब्दाने दोघांना दगा दिला. मराठीत महागाई म्हणजे वस्तू महाग असण्याची अवस्था. सांख्यिकीच्या भाषेत तोच शब्द किमती वाढण्याच्या वेगासाठी वापरला जातो. गाडीचा वेग कमी झाला म्हणजे गाडी मागे आली असे नव्हे. हिशेब करू. जुलै २०२३ चा दर ७.४४ टक्के होता, जुलै २०२४ चा ३.६०, जुलै २०२५ चा १.५५. जुलै २०२२ मध्ये जी टोपली १०० रुपयांना मिळत होती, ती पहिल्या वर्षी १०७ रुपये ४४ पैशांची, दुसऱ्या वर्षी सव्वाशे-अकरा नव्हे, नेमके सांगायचे तर १११ रुपये ३१ पैशांची आणि तिसऱ्या वर्षी सुमारे ११३ रुपयांची झाली. महागाई 'घटत' असतानाच टोपली तेरा रुपयांनी महागली. मथळ्याच्या जागेत 'किमती वाढण्याचा वेग मंदावला' एवढे शब्द मावत नाहीत ही अडचण मला मान्य आहे. पण 'भाववाढ मंदावली' हे दोन शब्द मावतात.

दुसरा प्रश्न टोपलीत काय आहे हा. जुलै २०२५ च्या त्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा पाया २०१२ हे वर्ष होते आणि वस्तूंचे भार २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ठरलेले होते. १,१८१ गावांतून आणि शहरांतल्या १,११४ बाजारांतून किमती गोळा होत. ग्रामीण टोपलीत अन्न व पेयांचा भार ५४.१८ टक्के होता, शहरी टोपलीत ३६.२९. ग्रामीण टोपलीत घरभाड्याला जागाच नव्हती. जुलै २०२५ मध्ये अन्नपदार्थांचे भाव आदल्या वर्षीच्या तुलनेत १.७६ टक्क्यांनी खाली होते. ज्या टोपलीत अन्न निम्म्याहून अधिक, ती साहजिकच जास्त स्वस्त दिसते. म्हणजे आकड्यानुसार खेड्याला अधिक दिलासा. पण अन्न पिकवून विकणारे खेडेच! त्याच्या खर्चाच्या बाजूला जी बचत मोजली गेली, तिचा मोठा हिस्सा त्याच्याच उत्पन्नातून वजा झालेला आहे, आणि ग्राहक निर्देशांक ग्राहकाचाच असल्यामुळे ती वजाबाकी दाखवणे त्याचे काम नाही. निर्देशांकाचा यात दोष नाही. त्याला गावाच्या सुखदुःखाचा थर्मामीटर म्हणून छापणाऱ्यांचा आहे.

आज जळगावच्या वाचकापर्यंत येणारा हा आकडा अखिल भारतीय असतो, फार तर राज्याचा. एके काळी जळगावला स्वतःचा आकडा होता. मुंबई सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये कामगारांच्या राहणीखर्चाचे निर्देशांक छापले जात, त्यात मुंबई, अहमदाबाद, सोलापूर यांच्याबरोबर जळगावचेही नाव असे, आणि त्याचा पाया ऑगस्ट १९३९ हा होता, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदला महिना. ज्या शहरात १८७० च्या दशकापासून खान्देश मिल चालत होती, तिथे ज्वारी, तेल, सरपण, लुगडे आणि खोलीभाडे यांची नोंद ठेवणे सरकारला भाग पडले, कारण महागाई भत्त्याचा वाद त्या आकड्यावर येऊन ठेपे. निर्देशांक तेव्हा मजुरीच्या पाकिटात उतरत असे. त्यामुळे तो कसा काढला, कोणत्या दुकानातला भाव धरला, याची भांडणे कामगार करू शकत होते. मुंबईत हे भांडण १९६३ मध्ये रस्त्यावर आले. निर्देशांक भाववाढ कमी दाखवतो असा कामगार संघटनांचा आक्षेप होता, २० ऑगस्टला शहर बंद राहिले आणि सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आकड्याच्या दुरुस्तीसाठी शहर बंद पडते, हे आज कुणाला सांगितले तर पटणार नाही.

खान्देशाचे या बाबतीतले मोठे देणे मात्र मला दुसरेच वाटते, आणि ते आपल्या स्थानिक इतिहासलेखनात जवळजवळ आलेले नाही. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव, या खटल्याचा निकाल दिला. वाद बोनसचा. बोनस वाटण्याआधी नफ्यातून काही रकमा बाजूला काढण्याचा हक्क मालकाला होता. त्यात खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवरचा परतावाही येई. हा निधी खरोखर धंद्यात वापरला, याला पुरावा काय? कंपनीचा ताळेबंद. न्यायालयाने म्हटले, ताळेबंदात तसे दिसते एवढ्याने ते सिद्ध होत नाही. योग्य पुरावा द्या आणि कामगारांच्या बाजूला उलटतपासणीची संधी द्या. छापलेला, तपासनिसाने सही केलेला आकडा हेही एक विधान आहे, आणि विधानाला प्रश्न विचारता येतो, हे तत्त्व जळगावच्या गिरणीच्या निमित्ताने देशभर लागू झाले. साहित्याच्या अभ्यासकाला यात काही नवे वाटू नये. संहिता आणि तिचा दावा वेगळे ठेवायचे, हेच आपण करत असतो.

आता सोने. जळगावचे सोने म्हटले की बाहेरच्या माणसाला शुद्धता आठवते, आम्हाला भावाचा फलक. तोळा हे मूळ माप ११.६६ ग्रॅमचे, आज बातमीत तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम, आणि आजी ज्या तोळ्यांनी दागिने मोजायची ते वेगळे. भाव तीन टक्के जीएसटीसह की त्याशिवाय, हे न सांगता दोन बातम्यांची तुलना केली की लाखामागे तीन हजारांचा खड्डा आपोआप पडतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले आणि भाव झपकन उतरला. त्यात जगातल्या मागणीचा काही संबंध नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमने लाखाचा टप्पा गाठला, तेव्हा मात्र कारणे जगभरची होती. दोन्ही वेळा क्रियापदे तीच.

खान्देशी शेतकरी कापसाचा पैसा सोन्यात मोजतो, म्हणून एक मोजणी मीही करून पाहिली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१५-१६ मध्ये ४,१०० रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८,११० आहे. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. याच दशकात ग्राहक निर्देशांक दीडपटीहून थोडा जास्त वाढला. म्हणजे किराण्याच्या मापाने हमीभाव पुढे गेला. २०१५ च्या उन्हाळ्याअखेर सोने २६ हजारांच्या आसपास होते. एक तोळा म्हणजे सहा-साडेसहा क्विंटल कापूस. २०२५ मध्ये लाख रुपये धरले तरी सव्वाबारा क्विंटल. सोन्याच्या मापाने कापूस निम्म्यावर आला. सरकारी पत्रक पहिला हिशेब देईल, सभेतला वक्ता दुसरा, आणि दोघांचेही आकडे तपासून पाहिले तर बरोबर निघतील. माझे मत विचाराल तर सोने हे माप भावनेला जवळचे पण शेतीला चुकीचे आहे; खत, मजुरी आणि वेचणी यांच्या तुलनेत कापूस कुठे आहे हे माप हवे. वेचणीचा किलोमागचा दर गावागावात सगळ्यांना तोंडपाठ असतो. भावाच्या रकान्यात त्याला जागा मिळालेली नाही.

२०२५ च्या कापसाने बातमीची आणखी एक खोड उघडी केली. हमीभावात ५८९ रुपयांची वाढ झाल्याची बातमी कृषिपानावर आली. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ तारखेपासून उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ती बातमी बहुतेक ठिकाणी व्यापारपानावर गेली, 'वस्त्रोद्योगाला दिलासा' या सदरात बसेल अशी. दोन पाने जोडून वाचू. रुईचा सौदा खंडीत होतो. खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा, बाहेरची रुई पौंडाला ६६ सेंट आणि डॉलर साडेसत्याऐंशी रुपयांना. किलोला सुमारे १२७ रुपये, खंडीला ४५ हजारांच्या वर. त्यावरचे ११ टक्के म्हणजे खंडीमागे साधारण पाच हजार, किलोमागे १४ रुपये. एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरले, तर ही रक्कम क्विंटलमागे ४७५ च्या घरात जाते. परदेशी मालाच्या स्वस्ताईचा सगळा भार इथल्या भावावर येईलच असे नाही. वाहतूक आहे, प्रत आहे, गिरणीचे जुने सौदे आहेत. तरीही एका पानावरची ५८९ ची वाढ आणि दुसऱ्या पानावरची पावणेपाचशेची सूट एकाच बोंडावर येऊन बसतात, हे मी कुठल्याही बातमीत वाचले नाही. पाचवी-सहावीच्या गणितापलीकडे यात काही नाही. पाने वेगळी असल्यामुळे हिशेब वेगळे राहतात.

बाजारभाव हमीभावाखाली राहिला तर वाट उरते ती भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्राची, आणि २०२५-२६ मध्ये त्यासाठी 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करावी लागली. तिथेही ८,११० हा आकडा 'पर्यंत'चाच एक प्रकार होता. तो आठ टक्के ओलाव्याच्या मालासाठी होता. पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांवरचा माल घेतला जात नाही. दिवाळीच्या सुमारास वेचलेला, सकाळच्या दवात भिजलेला पहिला कापूस बारा टक्क्यांना टेकला, तर त्याचा हमीभाव ७,७८५ रुपये ६० पैसे. चार दिवस अंगणात उन्हावर पसरला तर क्विंटलमागचे तीनशे चोवीस रुपये वाचतात, वजन मात्र घटते. शंभर किलोतले चार किलो पाणी उडाले तर शहाण्णव किलोचे ८,११० दराने ७,७८५ रुपये ६० पैसेच होतात.